चोविसावं रोप

९ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार पोचला असं समज. हात अजून साबणाने बुळबुळीत आहेत आणि पेन निसटतंय.

परवा दुपारी इथे येऊन पोचले. किल्ली तू सांगितलीस तिथेच, पायपुसण्याखाली होती. चोर सगळ्यात आधी तिथेच बघतात, पण तो विषय नंतर. घर लख्ख ठेवून गेलीस हे मान्य करते. जरा जास्तच लख्ख. न्हाणीघरात साबणाच्या सात वड्या, स्वयंपाकघरात तीन, मागच्या दाराशी दोन, एकीचाही कागद काढलेला नाही. दुकान काढायचा विचार होता की काय? एक मी फोडली. का फोडली ते आता सांगते.

फ्रिजवर चिकटवलेला तुझा कागद वाचला. ‘वाफ्यात कोबीची चोवीस रोपं आहेत. थंडीतून जगवा. दिवसा उघडायचं, ऊन उतरलं की झाकायचं. जीव लावा.’ अगं, मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. जीव वाचवायचं काम केलंय, लावायचं खातं माझ्याकडे नव्हतं. तरी चपला घातल्या आणि मागे गेले.

वहिनी, तो वाफा आहे की उकिरडा? वर दादाचा जुना कोट, त्याच्याखाली गोणपाट, त्याच्याखाली ओला, काळा पडलेला पेंढा. कोट उचलला तर बाहीतून काहीतरी लांबडं, अनेक पायांचं बाहेर आलं आणि सावकाश चालत निघून गेलं. घाईसुद्धा केली नाही त्याने. पेंढ्याला जो वास होता तो लिहीत नाही, आत्ताच चहा झालाय. मी नाकाला रुमाल लावून दोन बोटांनी पेंढा बाजूला केला आणि रोपं मोजली. तेवीस. पुन्हा मोजली, तरी तेवीस. कोपऱ्यात एक रिकामा खड्डा आहे, चमच्याने काढल्यासारखा नीट गोल. तू चोवीस लिहिलंस. नंतर माझ्या नावावर एक कमी लागायला नको म्हणून आजच कळवते. आम्ही थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी बोळेसुद्धा मोजायचो.

फेब्रुवारी संपेपर्यंत मी राहीन, कबूल केलंय. पण मनात आहे ते बोलून टाकते, नाहीतर ते कुजेल. दादा जाऊन वीस दिवस झाले नाहीत तोवर तू बॅग भरलीस. लेकीचं बाळ लहान आहे, तिला तुझी गरज आहे, सगळं खरं. तरी मला ते आवडलं नाही.

मागच्या शेडला कुलूप आहे. फावडं आत असणार. किल्ली कुठे आहे?

तुझी नणंद


१७ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र लेकीने मोठ्याने वाचून दाखवलं. ते लांबडं पायवालं निघून गेलं तिथे ती इतकी हसली की बाळ उठलं. शेवटचा भाग मी नंतर एकटीने वाचला.

तुम्ही आलात हे माझ्यावर उपकार आहेत. गुडघा साथ देत नाही, खाली बसलं की उठायला दोन माणसं लागतात. इथे बाळाचं सगळं ओट्यावर, टेबलावर होतं म्हणून निभतंय.

तो पेंढा घाण दिसतो, पण तो टाकू नका. तीच त्यांची गोधडी आहे. कोटही राहू दे. यांनी तो मुद्दाम त्यासाठीच काढून ठेवला होता.

का एवढं, ते तुम्हाला नीट सांगितलंच नाही. बाजारात मिळतो तसला हा कोबी नव्हे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी एका म्हाताऱ्या माळ्याकडून मूठभर बी आणलं, तेव्हापासून दरवेळी घरचंच बी धरत आले. गड्डा लहान, टोकदार, आणि कापला की आत पिवळसर. गेल्या वर्षी डबीला ओल लागली. सगळं बी बुरशीने गेलं. चिमूटभर वाचलं होतं ते यांनी ऑगस्टमध्ये पेरलं, त्याची ही रोपं. दुसरीकडे कुठेही एक दाणा नाही. थंडी सोसल्याशिवाय कोबीला फुलोरा येत नाही आणि फुलोऱ्याशिवाय बी नाही. आणि एकट्या रोपाला बी धरत नाही, शेजारी दुसरं लागतं. निदान दोन तरी जगवा, एवढंच माझं मागणं आहे.

तेवीस म्हणता, तर माझीच मोजण्यात चूक झाली असेल. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नव्हतं.

फावडं शेजारच्या घड्याळवाल्यांकडे मागा. शेडमध्ये काही नाही. किल्ली हरवली आहे.

तुमची वहिनी


२ डिसेंबर

वहिनी,

बातमी ऐक आणि बसून ऐक. तुझा उकिरडा मी साफ केला.

तुझं पत्र आल्यावर मी आठ दिवस सहन केलं, खोटं नाही सांगत. रोज सकाळी तो पेंढा उचलायचा, रोज संध्याकाळी घालायचा. हाताला वास बसतो तो जेवताना घास तोंडाशी नेला की कळतो. नवव्या दिवशी पेंढ्यात हात घातला तर मऊ, गार, बोटभर जाड काहीतरी हाताशी आलं. मी ते काय आहे हे बघितलंसुद्धा नाही. सरळ घरात गेले, रबरी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि कामाला लागले.

पेंढा सगळा पोत्यात भरून बाहेर. गोणपाट बाहेर. कोट फेकला नाही, दोनदा उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातलाय. वाफ्यावर जंतुनाशकाचं पाणी फवारलं, पातळ करूनच, मला काही अक्कल आहे. प्रत्येक रोपाची पानं ओल्या कापसाने पुसली. मग तारेच्या कमानी रोवून वर जाड पारदर्शक प्लॅस्टिक ओढलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केलं. वारा जाणार नाही, किडा जाणार नाही, थंडी जाणार नाही. आता उघडझाक करायलाही नको. आत तेवीस रोपं रांगेत उभी आहेत, शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटसारखी.

तुझे घड्याळवाले भिंतीवरून बघत होते. डोळ्याला ते काळं भिंग तसंच लावलेलं. म्हणाले, “ताई, श्वास कुठून घेणार ती?” मी म्हटलं, “तुम्ही घड्याळात धूळ जाऊ देता का?”

कळव तुझं मत. कौतुक केलंस तरी चालेल.

तुझी नणंद


१० डिसेंबर

वन्सं,

पत्र मिळाल्या क्षणी ते प्लॅस्टिक उघडा. चहा नंतर.

आत वाफ कोंडते, पानांवर पाणी साचतं आणि मुळाशी कूज धरते. पेंढ्याखालचा कोबी थंडीने मरत नाही, कोंडल्याने मरतो. आणि जे किडे तुम्ही बाहेर ठेवले म्हणता त्यांची अंडी मातीत असतात. त्यांना तुम्ही ऊबदार खोली बांधून दिलीत.

रागावून लिहीत नाही. चूक माझी आहे, घाणीत हात घालायचं काम मी दुसऱ्यावर टाकलं. पण उघडा.

वहिनी


१९ डिसेंबर

वहिनी,

उघडलं. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी उघडलं, कारण प्लॅस्टिक आतून दुधाळ झालं होतं आणि काही दिसेना.

चिकटपट्टी ओढली आणि आतला वास तोंडावर आला. मी बाजूच्या बादलीत ओकले. मी, वहिनी! मी आतड्यांचे पीळ सोडवताना सर्जनच्या शेजारी उभी राहिले आहे, सडलेले पाय बादलीत झेलले आहेत, आणि नंतर जाऊन डबा खाल्ला आहे. कोबीच्या रोपांनी मला ओकायला लावलं. देठ मुळाशी काळे पडून मऊ झालेले, बोट लावलं की शेंबडासारखे विरघळत होते. जी उभी होती त्यांच्या पानांवर करडी लव.

आणि गोगलगाई. शंखवाल्या असत्या तर निदान अब्रू झाकलेली असती. या नागड्या. करड्या, पिवळट, एक तर माझ्या अंगठ्याएवढी. पानाखाली एकमेकींना चिकटून पडल्या होत्या आणि प्लॅस्टिकवर त्यांच्या फिरण्याचे चकचकीत पट्टे. माझ्या अंगावर आलेला काटा अजून गेलेला नाही. तुझ्या या बागेची, या घराची, त्या कोबीची मला शिसारी आली आहे. मला सांग, या गलिच्छपणात माणसाला सुख कसं मिळतं? दादा लहानपणी असा नव्हता. चिखलाचा शिंतोडा उडाला तरी पायजमा बदलायचा.

नऊ उरली. चौदा मारली मी. लिहिताना लाज वाटते, म्हणून स्पष्ट लिहिते.

घड्याळवाले न बोलावता भिंत ओलांडून आले. “मी सांगितलं होतं” असं म्हणाले नाहीत, त्याबद्दल त्यांना शंभर गुण. त्यांनी कोरडा पेंढा आणला, पाण्याच्या बाटल्यांची बुडं कापून वरचे भाग प्रत्येक रोपावर टोपीसारखे बसवले, झाकणं मात्र उघडी. भोवती लाकडाची राख टाकली. गोगलगाई त्यांनी चिमट्याने वेचल्या, घड्याळाचे चाक उचलतात त्या नाजूक चिमट्याने, आणि मी डोळे मिटून डबा धरला. आता दिवस उजाडला की टोप्या काढते, ऊन उतरलं की घालते, वरून तुझ्या म्हणण्याप्रमाणे पेंढा आणि कोट. कोट उकळल्यामुळे आटलाय. तरी सगळ्यांना पुरतो, कारण रोपंच कमी झाली.

काम करता करता ते बोलून गेले, “साहेब शेडमध्ये असायचे तेव्हा तिथल्या खिडकीतून मला खुणेने दाखवायचे, कुठलं रोप वाकलंय ते.” मी विचारलं, शेडमध्ये कशाला? तर चिमटा पुसत बसले.

कशाला गं?

नणंद


२८ डिसेंबर

वन्सं,

नऊ आहेत ना, पुष्कळ आहेत. दोन लागतात. तुम्ही मन लावून करताय हे अक्षरावरून कळतं. पानांच्या कडा जांभळट झाल्या तर घाबरू नका, थंडीने होतात आणि उन्हाने पुन्हा हिरव्या होतात. इथेही तसंच झालं. म्हणजे इथेही थंडी तशीच आहे.

शेडमध्ये यांना बी-बियाण्याचं काम असायचं, बाकी काही नाही. तुम्ही तिकडे जाऊ नका. उंदीर असतील. तुम्हाला उगाच किळस येईल.

नातीला आज पहिल्यांदा मनापासून हसू फुटलं. माझ्या नाकाकडे बघून.

वहिनी


७ जानेवारी

वहिनी,

घड्याळवाल्यांनी कुलूप दोन मिनिटांत उघडलं. त्यांना मी सांगितलं की फावडं हवंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कुलूप काढून निघून गेले. थांबले नाहीत.

उंदीर नाहीत. आत एक लोखंडी खाट आहे, घडी करून भिंतीला लावलेली. एक गादी, मधोमध डाग. एनॅमलचं भांडं. कापसाच्या पुड्या, अर्ध्या वापरलेल्या. खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेला स्टीलचा पेला आणि त्यात चमचा. माणसाला बोलता येत नसेल तेव्हा वाजवून हाक मारायला ठेवतात तसा. आणि वास. दार दोन-अडीच महिने बंद होतं, तरी तो वास भिंतीत आहे. मला तो ओळखायला एक सेकंद पुरला. वॉर्डात आम्ही तसल्या जखमेच्या पेशंटचा पलंग खिडकीशी लावायचो.

तू माझ्या भावाला शेडमध्ये ठेवलंस.

फावड्यांशेजारी. खताच्या पोत्यांशेजारी. घरात तीन खोल्या रिकाम्या असताना. मी ऑगस्टात आले होते तेव्हा तो बैठकीत खुर्चीवर होता, नाकापर्यंत मफलर. म्हणजे माझ्यासाठी त्याला बाहेर काढून मांडला होतास? आणि मी गेल्यावर परत आत?

गोगलगाईंची मला किळस आली असं मी लिहिलं होतं. ती किळस नव्हती. किळस मला आत्ता कळली. तुझ्या पत्राचा कागद हातात धरवत नाही. तू त्या बारा साबणांनी काय धूत होतीस, ते आता मला विचारायचंही नाही.

रोपांचं म्हणशील तर परवाच्या थंडीने नेली. माती दगडासारखी झाली होती. एक उरलंय. एकट्याला बी धरत नाही हे तूच सांगितलंस, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

फेब्रुवारी संपला की मी जाईन. पत्र पाठवू नकोस.


९ फेब्रुवारी

वन्सं,

पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवते. महिनाभर रोज लिहिलं आणि फाडलं. लेकीला वाटतं मी हिशोब करत बसते.

हो. हे शेडमध्ये राहिले, ऑगस्टपासून शेवटच्या सकाळपर्यंत. तुम्ही पाहिलंत ते सगळं खरं आहे.

गालाच्या आत जे होतं ते उन्हाळ्यात बाहेर आलं. दिवसातून चार वेळा बोळा बदलायचा, भोवती पुसायचं, लाळ गळायची ती टिपायची. पाच महिने मी ते केलं, वन्सं. नाकाने श्वास न घेता करायला शिकले. मग जुलैत एका दुपारी बोळा काढला आणि त्याच्याबरोबर मांसाचा तुकडा आला. मला तिथेच ओकारी आली, यांच्या मांडीवर पडली. मी धावत न्हाणीघरात गेले. तोंड धुतलं. मग हात धुतले, कोपरापर्यंत, तीनदा. तरी वास जाईना म्हणून चौथ्यांदा. मागे वळले तर हे दारात उभे. कधीपासून होते कोण जाणे. पाटीवर लिहून दाखवलं, ‘साबण संपत आला.’

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून स्वतः बाजारात गेले. लोक बघत असतील. बारा वड्या घेऊन आले आणि मला बोलावलं नाही, स्वतःच्या हाताने लावून ठेवल्या. सात न्हाणीघरात, तीन स्वयंपाकघरात, दोन मागच्या दाराशी. मी त्यातली एकही फोडू शकले नाही. पुढे हात धुवायचे तर कपड्यांच्या पावडरीने धुवायची.

आठवड्याने यांनी पाटीवर लिहिलं, ‘शेडमध्ये हवा चांगली आहे. रोपं जवळ राहतील.’ खाट यांनी आणि घड्याळवाल्यांनी नेली. मी थांबवायला हवं होतं. मला हायसं वाटलं, वन्सं. हे मी कोणाला बोलले नाही. खाट दाराबाहेर गेली तेव्हा मला हायसं वाटलं. तो पेला मी बांधला होता. यांनी तो एकदाही वाजवला नाही. बोळे ते स्वतः बदलत, आरशात बघून. घड्याळवाले रोज तासभर शेजारी बसत. मी ताट घेऊन जायची आणि उंबऱ्यावर ठेवून परतायची.

ऑगस्टात तुम्ही येणार कळलं तेव्हा हेच घरात येऊन खुर्चीत बसले. मला कोणी काही बोलू नये म्हणून.

आणि इथे मी दिवसातून आठ वेळा नातीचे लंगोट बदलते. काही वाटत नाही. ती अंगावर ओकते, मी हसते. मला माझी काय किळस येत असेल ते तुम्हीच ठरवा. गुडघ्याला काही झालेलं नाही. त्या पेंढ्याला जो वास आहे तो मला सोसवत नाही, म्हणून मी पळून आले.

एक गोष्ट मी विचारणार नव्हते. तुम्ही थिएटरमधल्या. तुम्हाला सगळं येत होतं. आठ महिन्यांत तुम्ही दोनदा आलात, दोन्ही वेळा तासभर, आणि बसलात ते दाराजवळच्या स्टुलावर. का?

वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

का, ते सांगते.

एप्रिलमध्ये आले तेव्हा फाटकातच मला कळलं. तो वास मी चौतीस वर्षं ओळखत होते. पुढे काय होणार, कुठल्या महिन्यात काय गळून पडणार, हे मला कॅलेंडरसारखं दिसलं. दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मी बाह्या सरसावल्या असत्या. पण माझं तोंड लहानपणी ज्याने स्वतःच्या सदऱ्याने पुसलं त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. दाराजवळ बसले कारण तिथे वारा होता. घरी जाऊन मीही हात धुतले. त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता, तरी धुतले. आणि मग सहा महिने वहिनी बघेल म्हणून स्वतःची समजूत घातली. तू पाच महिने केलंस. मी पाच मिनिटं केलं नाही. तुला शेडवरून बोलायला माझी जीभ कशी रेटली, ते मलाच कळत नाही.

आता दुसरं.

रोपं थंडीने गेली नाहीत. मी मारली. शेडमधून बाहेर आले तेव्हा ऊन उतरत होतं. टोप्या घालायची वेळ. मी नऊ रोपांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, मरा. तुझी एवढी लाडकी आहेत ना, मग मरा. कोट उचलून घरात नेला आणि दार लावून घेतलं. सकाळी दव गोठून सगळं पांढरं होतं. दुपारी ऊन पडलं तशी पानं काचेसारखी पाणचट झाली आणि संध्याकाळपर्यंत आडवी पडली. दादाने खिडकीतून एकेक नजरेखाली ठेवलेली रोपं, आणि मी त्यांना उघड्यावर टाकलं. चौदांच्या वेळी मी अडाणी होते. या आठांच्या वेळी मला सगळं येत होतं.

एक वाचलं ते माझ्यामुळे नाही. ते भिंतीला टेकून आहे, घड्याळवाल्यांच्या चुलीच्या मागच्या बाजूला, तिथे रात्रभर ऊब राहते. त्याला आता मी डोळ्यांत तेल घालून जपते. रोज सकाळी त्याच्या भोवतीच्या गोगलगाई हाताने उचलते. हातमोजे टाकून दिले. अजूनही शिसारी येते, खोटं कशाला बोलू, आणि त्या बोटाला चिकटल्या की झटकून पडत नाहीत, दुसऱ्या हाताने ओढाव्या लागतात. ओढते. घड्याळवाल्यांना मी खरं सांगितलं. ते चिमटा देऊ का म्हणाले. नको म्हटलं.

त्या शेडची गादी जाळली. भिंती घासल्या. पेला तसाच आहे, तो मी सोडवला नाही.

पण एकट्या रोपाला बी धरत नाही. तुझं पत्र काढून चारदा वाचलं, कुठे काही पळवाट आहे का बघायला. नाही. एवढ्या वर्षांचं दादाचं बी माझ्या हातून संपलं.

साबणाच्या चार वड्या मी वापरल्या. मला ठाऊक नव्हतं. आठ आहेत, कागदासकट. जागच्या जागी ठेवल्या आहेत.

तुझी नणंद


२५ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही मोजलंत ते बरोबर होतं. चोवीस मीच लिहिलं होतं आणि तेही बरोबर होतं.

निघायच्या सकाळी फ्रिजवर कागद चिकटवला आणि मग मागे गेले. यांच्या रोपांना मी कधी हात लावला नव्हता. चमच्याने एक काढलं, मातीसकट, आणि दुधाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. का काढलं विचाराल तर नीट सांगता येणार नाही. त्यांचं काहीतरी हातात धरून बघायचं होतं, धरवतं का ते. तुम्हाला कळवायची लाज वाटली, चोरासारखं नेलं म्हणून.

लेकीच्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली ते वाढलंय. कडा जांभळ्या झाल्या होत्या, आता पुन्हा हिरव्या. मावा धरला होता तो बोटाने चिरडून काढला. पहिल्यांदा शिसारी आली, मग सवय झाली. आज मधोमध बारीक कळ्यांचा झुबका दिसतोय. तुमच्याकडच्यालाही दिसत असेल, नाहीतर आठवडाभरात दिसेल. त्याला खुडू नका.

मंगळवारी दुपारच्या गाडीने येते. डबा मांडीवर घेऊन येईन. जागा भिंतीशी, तुमच्या रोपाच्या शेजारी करून ठेवा, वीतभर खोल. माती तुम्ही घालू नका, मी घालीन. गोगलगाईही दोन दिवस वेचू नका, माझ्या वाटणीच्या राहू देत.

आणि मागच्या दाराशी ज्या दोन वड्या आहेत, त्यातली एक फोडून ठेवा. हात मातीचे होतील, मला लागेल.

तुमची वहिनी